एक वर्षाचा अनुभव

जिंतूरच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा आबांनी खिडकीतून माझी बॅग आत टाकून सीट धरली आणि खाली मायच्या शेजारी जाऊन उभे राहिले. गाडी सुटायला अजून वीस मिनिटं होती. मला ते सगळं उलटं वाटत होतं, कारण आमच्या घरात जाणारे नेहमी तेच दोघं असायचे. दिवाळी झाली की गावात ट्रक यायचा. भांडी, गोधड्या, ज्वारीची पोती, एखादी शेळी वर चढायची, सगळ्यात शेवटी माय चढायची, आणि मी चुलतीचा हात धरून खाली उभी राहायचे. पहिलीपासून बारावीपर्यंत दर वर्षी. त्या जुलैत पहिल्यांदा गाडीत मी होते आणि खाली ते.

गाडी हलली तेव्हा माय म्हणाली, "पोचल्यावर फोन कर. आन् गाडीत कुणी काही खायला दिलं तर खाऊ नको." तेवीस वर्षांच्या पोरीला. मायनं अर्धा पश्चिम महाराष्ट्र पाहिलेला आहे, पण उसाच्या फडातून. पुणं तिनं ट्रकच्या फाळक्यावरून पाहिलं होतं, पहाटे, ताडपत्री बाजूला सारून. "लय दिवे हायेत," एवढंच तिनं मला त्याबद्दल सांगितलं होतं.

हे लिहायला बसले त्याचं कारण म्हणजे गावाकडच्या पोरींचे मेसेज. "ताई, नेटवर्किंगचा कोर्स करू का? लगेच लागती का नोकरी?" परवा एकीनं तर माझा फोटो कुणाच्या तरी स्टेटसवर पाहून विचारलं. मी प्रत्येकीला लिहिते, "बोलू निवांत," आणि बोलत नाही. दोन ओळींत सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, म्हणून सगळंच लिहून काढते. ज्या तिकडे आहेत त्यांनी वाचावं, आणि माझ्यासारख्या ज्या इकडे येऊन बसल्या आहेत त्यांनीही.

माय आणि आबा ऊसतोडीला गेले की मी शाळेतल्या हंगामी वसतिगृहात जेवायचे आणि चुलतीकडे झोपायचे. चुलती वाईट नव्हती. तिची स्वतःची चार होती, त्यात मी पाचवी. अभ्यासात बरी होते. जिंतूरलाच बी.एस्सी. केलं, कॉम्प्युटर घेऊन. मग परभणीला, कचेरीजवळच्या एका दुकानात दीड वर्ष लोकांचे ऑनलाइन फॉर्म भरले. पीक विमा, जातीचा दाखला, रेशनकार्डावर नाव चढवणं, असलं सगळं. त्या दुकानात नेट गेलं की बाहेर रांग थांबायची. लोक वैतागायचे, म्हातारे तिथंच उकिडवे बसायचे. मग एक माणूस यायचा, डब्यातल्या वायरी काढघाल करायचा, लॅपटॉपवर काहीतरी टाइप करायचा, आणि रांग चालू व्हायची. तो काय करतो ते मला शिकायचं होतं. एवढं साधं होतं ते. दुकानातल्या पगारातून फी साठली तेव्हा मी पुण्याचा क्लास लावला.

कोर्स पाच महिन्यांचा होता. मला तो मनापासून आवडला, हे आज सगळं झाल्यावरही सांगते. एका मशीनला दुसऱ्या मशीनचा पत्ता कसा सापडतो, मधला रस्ता बंद पडला तर निरोप दुसऱ्या वाटेनं कसा जातो, एका इमारतीतल्या लोकांचे आतल्या आत वेगळे गट कसे पाडायचे, हे सगळं मला गणितासारखं नाही, गावासारखं कळायचं. जानेवारीत परीक्षा दिली. पहिल्याच फेरीत पास झाले. वर्गातल्या अठ्ठावीस जणांत पहिल्या फेरीत पास झालेले आम्ही नऊ जण. सर्टिफिकेट पीडीएफमध्ये आलं. मी ते आबांच्या मोबाइलवर पाठवलं. ते तेव्हा सांगली जिल्ह्यात फडात होते. संध्याकाळी फोन आला.

"यात तुझं नाव कुठं हाय?" आबांनी विचारलं.

"मधोमध, मोठ्या अक्षरात."

"बरं. टोळीत दाखवलं सगळ्यांना. भगवान मुकादमानं वाचून दाखवलं." मग म्हणाले, "पुढच्या साली आमी येणार न्हाई म्हणलं त्याला. हसला."

भगवान मुकादम म्हणजे आमच्या शेजारच्या गावचा माणूस, बारा वर्षं आमच्या गावच्या जोड्या तोच न्यायचा. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. माझे आईबाप मिळून एक कोयता.

फेब्रुवारीपासून मी नोकरी शोधायला लागले. जाहिरातीत ठळक लिहिलेलं असायचं, फ्रेशर चालतील. आत उघडून वाचलं की अनुभव: एक ते दोन वर्षं. सुरुवातीला मला वाटायचं यांची टाइप करताना चूक झाली असेल. एका ठिकाणी तर मी फोन करून विचारलंसुद्धा. पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅम, फ्रेशर म्हणजे आमच्याकडे फ्रेशर." तिलाही माहीत नव्हतं.

बाणेरला एका चकचकीत इमारतीत चौथ्या मजल्यावर मुलाखत झाली. समोरच्या साहेबांनी अर्धा तास विचारलं. मी सगळं सांगितलं, कागदावर आकडेमोड करून दाखवली. ते खूश दिसले. मग म्हणाले, "चालू नेटवर्कला कधी हात लावलाय?"

"नाही सर. सिम्युलेटरवर केलंय सगळं."

"मग उद्या मी तुम्हाला एकटीला सोडलं आणि काही बंद पडलं तर?"

मी म्हणाले, "शिकेन सर." ते हसले, वाईट नाही, दमल्यासारखे. म्हणाले, "शिकवायला वेळ कुणाला आहे?"

दुसऱ्या एका ठिकाणी साहेब म्हणाले, "पोस्ट फील्डची आहे. शिडीवर चढावं लागतं, रॅक उचलावा लागतो. मुलींना जमत नाही, नंतर तक्रारी येतात." मी त्यांच्या टेबलावरच्या हातांकडे बघत राहिले. मऊ हात होते. माझी माय डोक्यावर उसाची मोळी घेऊन दिवसभर चालते, हे तिथं सांगावंसं वाटलं नाही. "जमेल सर," म्हणाले. "कळवतो," म्हणाले. असे किती जणांनी कळवतो म्हटलं ते मी मोजायचं सोडून दिलं. सकाळी मी राहायचे तिथल्या मेसमध्ये पोळ्या लाटायचे, त्याच्यावर जेवण सुटायचं. दुपारी इस्त्री केलेला एकच कुर्ता घालून बस पकडायची. हिंजवडी, खराडी, मगरपट्टा, सगळं पुणं मी मुलाखतींच्या निमित्तानं पाहिलं. कोणत्या इमारतीत पाणी प्यायला मिळतं आणि कोणत्या इमारतीत रखवालदार बाहेरच उभं करतो, ते मला पाठ झालं होतं.

क्लासचे प्लेसमेंटचे सर आधी फोन उचलायचे. मग मेसेजला उत्तर द्यायचे. मग नुसता अंगठा. जूनमध्ये मी स्वतःच जाऊन त्यांच्या केबिनबाहेर बसले तेव्हा त्यांनी दार लावून घेतलं आणि म्हणाले, "एक मार्ग आहे. सगळेच करतात. अनुभवाचं पत्र मिळतं. एक फर्म आहे, फोनवर विचारलं तर ते हो म्हणतात. दीड वर्षाचं करून देतो." मी नको म्हटलं. त्यात प्रामाणिकपणाचा भाग कमी होता, भीतीचा जास्त. पकडलं गेलं तर सर्टिफिकेटही जाईल, असं ऐकलं होतं. बाहेर आल्यावर मला स्वतःबद्दल बरंही वाटलं, ते लपवत नाही.

अनोळखी कंपनीशी खोटं बोलायला मी घाबरले. मायशी बोलले.

पोळा झाला होता. दुपारी मायचा फोन आला. आवाज बारीक केलेला, म्हणजे घरात कुणीतरी होतं.

"भगवान मुकादम आलाय. वसरीत बसलाय. तुझे आबा हो म्हणायलेत."

"आणि तुझी कंबर?"

"कंबर काय म्हणती. सकाळी उठून उभं राहायलाच घटका लागती. पर एका माणसाचा कोयता कोण घेतंय? मी न्हाई गेले तर ते बी घरीच." मग तिनं आवाज अजून बारीक केला. "या साली मोळी उचलंना असं वाटायलंय बाई," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात एका कंपनीत माझ्या तीन फेऱ्या झाल्या होत्या. तिसऱ्या फेरीतल्या बाईंनी हात मिळवला होता, सोमवारी मेल येईल म्हणाल्या होत्या. तो दिवस शुक्रवार होता. मला वाटलं, तीन दिवसांनी जे खरं होणारच आहे ते आज सांगितलं तर काय बिघडतं.

"माय, त्याला नाही म्हण. मला नोकरी लागली."

"खरंच का गं?"

"हो."

"कवा?"

"कालच."

फोन न ठेवताच ती ओरडली. मला वसरीतली गडबड ऐकू आली, आबांचा आवाज, मुकादमाचं हसणं, आणि मग माय रडायला लागली ते. सोमवारी मेल आला. आपली निवड होऊ शकली नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

मंगळवारी सांगता आलं असतं. टोळी निघायला अजून दीड-दोन महिने होते. मंगळवारी, बुधवारी, कधीही. पण चुलतीचा फोन येऊन गेला होता, माझ्या शाळेतल्या बाईंचा येऊन गेला होता. आबा पहिल्यांदाच सोयाबीन काढून झाल्यावर रब्बीला स्वतःच्या तुकड्यात हरभरा पेरायचं ठरवत होते. तो दीड एकराचा तुकडा दर वर्षी दुसऱ्याला लावून जायचे ते. माय म्हणाली, "मी तर कधी थंडीतली आपली हरभऱ्याची भाजी खाल्ली न्हाई." मी काय सांगणार होते? मेसचं काम आणि दोन पोरांची शिकवणी, त्यातून उरेल ते मी पगार म्हणून घरी पाठवायचे. दिवाळीला गेले नाही. सुट्टी नाही म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर आबाच आले. न कळवता. स्टँडवर उतरून फोन केला, "हितं हाये मी. घ्यायला ये." हातात पिशवी, तिच्यात भाकरी, ठेचा आणि सीताफळं. माझी खोली पाहिली, एका खोलीत चार कॉट. मग म्हणाले, "तुझं हाफिस बघायचंय. आत न्हाई येत मी. लांबून बघतो."

मी त्यांना बाणेरच्या त्या इमारतीसमोर नेलं. दुसरी कोणती इमारत मला सुचली नाही. समोरच्या फुटपाथवर आम्ही उभे राहिलो. आबांनी टोपी काढून हातात घेतली. असं ते देवळासमोर करतात.

"कोणता मजला?"

"चौथा."

त्यांनी बोटानं मजले मोजले. "काच हाय सगळी. ऊन लागत असंल."

"एसी असतो."

"आज तुला सुट्टी न्हाई ना?"

"नाही."

"मंग जा तू. माझ्यापायी उशीर नको. मी बसतो हितं झाडाखाली, तू सुटल्यावर संगंच जाऊ."

मी रस्ता ओलांडला. मला वाटलं आत जाऊन लॉबीत बसावं, चार-पाच तास काढावेत. रखवालदारानं कार्ड मागितलं. मी म्हणाले, मुलाखतीला आलेय. त्यानं यादीत पाहिलं. माझं नाव नव्हतं. मागे लोक कार्ड दाखवून जात होते, मला चुकवून. मी वळून पाहिलं तर आबा रस्त्याच्या त्या बाजूनं माझ्याकडेच बघत होते. हात वर करून त्यांनी मला विचारलं, काय झालं?

मी परत आले. "आबा, मी हितं नाही."

"मंग कुठं हायेस?"

"कुठंच नाही."

"कवापासून?"

"लागलीच नव्हती."

ते फुटपाथच्या कडेला बसले. माझ्या बापाला मी कधी रागावताना पाहिलं नाही, तेव्हाही ते रागावले नाहीत. बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "न्हाई लागली त्याचं काही न्हाई. लागंल कवातरी. पर टोळी गेली ना बाई." परत म्हणाले, "भगवानची टोळी गेली. आपली जागा त्यानं दुसऱ्या जोडीला दिली."

त्याच संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. मी सोबत स्टँडपर्यंत गेले. गाडीत चढताना म्हणाले, "मायला मी सांगतो. तू सांगू नको." मायनं मला त्यावर कधी एक शब्द विचारला नाही. आठ दिवसांनी मीच फोन केला तेव्हा ती भांडी बांधत होती. कर्नाटकात जाणाऱ्या एका टोळीत जागा मिळाली होती, ओळखीचं कुणी नव्हतं.

तो फोन मी एका ऑफिसच्या पॅसेजमध्ये उभी राहून केला होता, मुलाखतीची वाट बघत. "माय, निघायलीस का? गोधड्या घेतल्यास का? कंबरेचा पट्टा ठेवलास?" बोलून फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. वरून आवाज आला, "परभणीकडची का गं बेटा?"

शिडीवर एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ होते, छतातून वायर ओढत. मी डोळे पुसून हो म्हटलं. "जिंतूर तालुका."

"मी सेलूचा. 'निघायलीस का' असं हिकडं कोण म्हणतंय? माझी अम्मी म्हणायची." ते खाली उतरले. "इंटरव्ह्यू हाय? लागंल का?"

"नाही लागणार."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वायर ओढशील? काम लय गंदं हाय. आधीच सांगतो."

"ओढीन."

हे सलीमभाई. त्यांचा छोटा धंदा आहे, ऑफिसांत, शाळांत, दवाखान्यांत नेटवर्कच्या वायरी टाकून द्यायच्या. ते आणि दोन माणसं, तिसरी मी. मुलाखतीला माझं नाव पुकारलं तेव्हा मी आत गेले, कळवतो ऐकून बाहेर आले आणि तसाच कुर्ता वर खोचून वायरीचं दुसरं टोक धरलं. पहिले दोन महिने मी परीक्षेतलं एक अक्षर वापरलं नाही. भिंतींना भोकं पाडली, धूळ खाल्ली, आठ बारीक तारा रंगांच्या क्रमानं लावून टोकाला प्लग बसवायला शिकले. नखं तुटायची. सलीमभाई चुकीचा प्लग कापून परत माझ्या हातात द्यायचे. "जल्दी नको, सही पाहिजे," एवढंच म्हणायचे. त्या मऊ हातांच्या साहेबांनी सांगितलेल्या शिडीवर मी रोज चढत होते.

जानेवारीच्या शेवटी आबांचा फोन आला. भगवानच्या टोळीत बैलगाड्या असायच्या. गाडी बुटकी, मोळी हातानं वर देता यायची, आणि मायच्या कंबरेचं माहीत असल्यामुळं बायका तिला मोळ्या बांधायलाच बसवायच्या. नव्या टोळीत ट्रक होते. ट्रकला लाकडी फळी टेकवायची आणि डोक्यावर मोळी घेऊन वर चढायचं. पहाटे दव पडलेलं होतं. माय अर्ध्या फळीवरून मोळीसकट खाली आली. खुब्याचं हाड मोडलं.

सलीमभाईंनी लगेच जा म्हटलं. मी बदलत बदलत तीन गाड्या करून तिथल्या सरकारी दवाखान्यात पोचले. वॉर्डातली नर्स कानडीत बोलायची, माय मान हलवायची. तिला काय सांगतात ते तिला कळत नव्हतं, तिला काय दुखतंय ते त्यांना. मी मोडक्यातोडक्या हिंदीत, इंग्रजीत मध्ये पडले. ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी ती जरा सावध झाल्यावर मी म्हणाले, "माय, माझ्यामुळं झालं."

"फळी ओली होती," माय म्हणाली. "तू काय फळी ओली केलीस का?"

बाहेर व्हरांड्यात आबा बाकावर बसले होते. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. ते समोर बघत म्हणाले, "भगवानच्या टोळीत फळी नसती." त्यानंतर ते माझ्याशी थेट असं फार बोललेले नाहीत. बोलायचं असलं की मायला सांगतात, "तिला म्हणावं जेवून घे. तिला म्हणावं गाडी पाचला हाय." मी तिथंच उभी असते.

मी पुण्याला परतले, कारण परतण्याशिवाय काय होतं. सलीमभाईंकडे वर्ष काढलं. हळूहळू वायरीवरून मशीनवर आले. बंद पडलेलं शोधायला ते मलाच पाठवायला लागले. या हंगामाच्या सुरुवातीला एका साखर कारखान्याचं काम निघालं. मी नाही म्हणणार होते. सलीमभाईंना माझ्या घरचं सगळं माहीत होतं, ते म्हणाले, "मी दुसऱ्याला पाठवतो." मग मीच म्हणाले, जाते.

वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर ऑफिसशी बोलत नव्हता. वजनाची नोंद होत नाही तोवर ऊस आत घेत नव्हते. कारखान्याबाहेर ट्रॅक्टर, ट्रक, बैलगाड्या उभ्या होत्या, शेवट दिसत नव्हता. गाड्यांच्या सावलीत बायका बसल्या होत्या, काहींच्या मांडीवर लेकरं. उसाच्या पाचटाचा वास आला. तो माझ्या मायच्या लुगड्याचा वास आहे. दर उन्हाळ्यात ती परत यायची तेव्हा कितीही धुतलं तरी पंधरा दिवस जायचा नाही.

काटाघरात नेटवर्कच्या वायरींचा बारीक डबा होता, सगळे दिवे एकदम लपलप करत होते. मला बघताक्षणी कळलं. झाडलोट करताना कुणीतरी एक मोकळं टोक दिसलं म्हणून ते बसवून टाकलं होतं, आणि त्या वायरीचं दुसरं टोक त्याच डब्यात होतं. निरोप आतल्या आत गोल गोल फिरत होते, बाहेर काहीच जात नव्हतं. मी वायर उपसली. दिवे शांत झाले. काट्यावरचा माणूस म्हणाला, "आला, नंबर आला," आणि पहिला ट्रॅक्टर काट्यावर चढला. चार मिनिटांचं काम. बाहेर येताना रांगेतल्या एका बाईनं विचारलं, "मॅडम, झालं का चालू? सकाळधरनं बसलाव." बोली आमचीच होती. जिंतूरच्या, नाहीतर हिंगोलीच्या बाजूची. मी "झालं मावशी" म्हणाले आणि कुठल्या गावच्या ते विचारलं नाही. पुढं मोटारसायकलवर सलीमभाईंच्या माणसाच्या मागं बसून कोसभर गेल्यावर मी त्याला गाडी थांबवायला लावली आणि रस्त्याच्या कडेला उलटी केली.

डिसेंबरमध्ये मला नोकरी लागली. खरी. एका कंपनीचं नेटवर्क लांबून बघत बसायचं, काही बिघडलं की पहिली तक्रार घ्यायची. पाळ्यांची ड्युटी आहे, सगळ्यात खालची पायरी. याच कामासाठी मी सर्टिफिकेट मिळाल्यापासून जवळजवळ दोन वर्षं वणवण केली. मुलाखतीत विचारलं, अनुभव? मी म्हणाले, एक वर्ष. सलीमभाईंनी झेरॉक्सच्या दुकानात टाइप करून घेतलेलं पत्र पुढं ठेवलं. त्यावर त्यांची उर्दूत सही आहे, ते शाळेत तसंच शिकले. एचआरची मुलगी म्हणाली, हे काय आहे? मी म्हणाले, सही. तिनं सलीमभाईंना फोन लावून खात्री केली. त्यांनी काय सांगितलं मला माहीत नाही. ते माझ्याबद्दल पाच मिनिटं बोलत होते आणि ती मुलगी मधेमधे माझ्याकडे बघत होती.

नोकरी लागल्याचं मी घरी पंधरा दिवस सांगितलं नाही. ओळखपत्र गळ्यात पडल्यावर त्याचा फोटो पाठवला. माय म्हणाली, "बरं झालं बाई." आबांना फोन दिला का, असं विचारलं तर म्हणाली, "हायेत हितं. हसायलेत." खरंच हसत होते का, ते मला माहीत नाही. आमच्या घरात आता कुणीही काहीही सांगितलं तरी मला वाटतं, समोरच्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं असेल. हे माझ्यापासून सुरू झालं.

तेव्हा पोरींनो, कोर्स करा. मी नको म्हणत नाही. काम चांगलं आहे आणि आपल्याला जमतं. फक्त कुणी लगेच म्हटलं तर विश्वास ठेवू नका, आणि नाही लागली तर घरी नाही लागली असंच सांगा. त्याच दिवशी सांगा. सांगायला जितका उशीर कराल तितकं ते दुसऱ्या कुणाच्या तरी अंगावर जाऊन पडतं.

परवा जानेवारीत चार दिवस गावी जाऊन आले. एवढी वर्षं माझ्यासाठी गावं दोन होती. उन्हाळ्यातलं भरलेलं आणि हिवाळ्यातलं कुलपं लागलेलं. आताही निम्म्या घरांना कुलपं होती. चुलतीचंही घर बंद, तिची दोन पोरं आता कोयत्याला जातात, तीही त्यांच्यासोबत. आबा मानवतला जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी मोजायला लागलेत, शनिवारी येतात. पुण्यात माझ्या खोलीवर कुणी विचारलं, घर कुठं, की मी जिंतूर म्हणते. पण मनात जे येतं ते आता एवढंच असतं. अंगण, त्यात प्लास्टिकची खुर्ची, आणि खुर्चीत बसलेली माय.

ती सकाळपासून उन्हाबरोबर खुर्ची सरकवते. स्वतः नाही सरकवत, कुणीतरी यावं लागतं. चार दिवस मी होते. दुपारी ऊन भिंतीकडे गेलं तेव्हा मी तिच्या काखेत हात घालून उठवलं, खुर्ची ओढली, परत बसवलं. ती म्हणाली, "हरभऱ्याची भाजी खुडून आण. आपलीच हाय, आबांनी पेरलाय." मी खुडून आणली. तिनं मांडीवर घेऊन निवडली.

लहानपणी वसतिगृहाच्या पंगतीत बसले की मी एकच मागायचे. माय जानेवारीत घरी असू दे. नवा फ्रॉक नको, काही नको, फक्त जानेवारीत माय घरी असू दे.

आता माय जानेवारीत घरी असते.